पॅसेजची डावी भिंत

रविवारी सकाळी आठाच्या ठोक्याला पुतण्या दारात उभा राहिला, तेव्हाच बाईंनी ओळखलं, आज हा चहा पिऊन वाटेला लागणाऱ्यातला नाही. त्याच्या मागून त्याची बायको आली, तिच्या मागून पुट्टीच्या पिशव्या आल्या, आणि सगळ्यांत शेवटी, पायपुसण्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ पाय घासत, बाईंचा धाकटा भाऊ आला. यातलं काहीच बाईंना धड दिसलं नव्हतं. पुतण्या बुटांच्या आवाजावरून कळला, सून अखंड बडबडीवरून आणि भाऊ त्या पाय घासण्यावरून. या घरात शिरताना तो चौदाव्या वर्षापासून असाच रेंगाळत आला होता.

"या," बाई म्हणाल्या आणि तिघांच्या साधारण मधोमध बघून हसल्या. हे हसू त्यांनी चार वर्षांत चांगलं घोटून ठेवलं होतं.

सगळं घर त्यांना बाईच म्हणे. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, नाकावर माशी बसू दिली नाही. त्यांना आत्या म्हणायची पुतण्याची कधी छातीच झाली नाही. आता शहात्तराव्या वर्षी आईवडिलांच्या या घरात त्या एकट्या राहत होत्या, आणि आजचा खटाटोप त्यावरूनच होता. दोन महिन्यांपूर्वी पॅसेजच्या टोकाला, मागच्या खोलीत उतरणाऱ्या तीन पायऱ्यांवर, त्या पडल्या. चप्पल सटकली असं त्यांनी सांगितलं. मनगट बरं झालं, पण ते पडणं काही पुतण्याच्या डोक्यातून जाईना. तो लिफ्ट तपासणारा माणूस. कुठली लिफ्ट चालू ठेवायची आणि कुठलीला कुलूप लावायचं हे ठरवणं त्याचं काम, म्हणून घरातही त्याला इन्स्पेक्टरच म्हणत. मागच्या खेपेला त्याने घरभर फिरून भिंती पाहिल्या, पंख्याखाली बसला आणि निकाल सांगितला. घर नीट करून घेऊ, माझं समाधान झालं तर राहा इथे. नाही झालं तर आमच्याकडे, अकराव्या मजल्यावर.

खरी गोष्ट फक्त बाईंना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होती. काचबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा होता. उजव्यात मधोमध बटणाएवढी जागा उरली होती, तेवढ्यातून जग तुकड्यातुकड्याने दिसे. समोरच्याचं नाक दिसलं तर कान नाही, पातेलं दिसलं तर चूल नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले होते. थेंबांची बाटली शिवणाच्या डब्यात, दोऱ्यांच्या रिळांखाली होती. कुणाला कळलं तर या घरात एक दिवससुद्धा राहू देणार नाहीत, याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि अकराव्या मजल्यावरच्या त्या चकाचक घरात आपण खुर्चीवरून उठायलाही कुणाला तरी हाक मारू, हेही त्यांना पक्कं माहीत होतं.

इथे त्या हिंडत होत्या ते पॅसेजच्या डाव्या भिंतीच्या जोरावर.

पॅसेज लांब, अंधारा, बिनखिडकीचा. सगळी दारं उजव्या हाताला, मधेमधे पुस्तकांची कपाटं आणि कोटांच्या खुंट्या. डावी भिंत मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. तिच्यावर कमरेच्या उंचीला तीन जखमा होत्या. पहिली, कधीकाळच्या खिळ्याचं भोक. तिथे उजवीकडे वळलं की झोपायची खोली. दुसरी, सायकलच्या हँडलने पडलेला वाटोळा खड्डा. तिथे वळलं की न्हाणीघर. तिसरी, ट्रंकेच्या कोपऱ्याने पडलेली चांगली बोटभर खोल खोक. तिथे थांबायचं, कारण पुढच्याच पावलाला पायऱ्या. दोन महिन्यांपूर्वी त्या दोन्ही हातांत कपडे घेऊन आल्या होत्या, भिंतीला हात नव्हता, म्हणून पडल्या. चप्पल बिचारी उगाच बदनाम झाली.

"पॅसेजपासून सुरू करू," इन्स्पेक्टर म्हणाला.

"पॅसेज राहू दे," बाई म्हणाल्या. आवाज सहज ठेवायला त्यांना कष्ट पडले. "तिथे कोण बघायला येतंय? बाहेरच्या खोलीचे पोपडे काढा, स्वयंपाकघरातली ती भेग भरा."

"पॅसेजच सगळ्यांत वाईट आहे, बाई," सून म्हणाली. "परवा माझी मैत्रीण आली होती ना माझ्याबरोबर, ती म्हणाली, अगं, इथे काय मारामारी झाली होती का?"

"मैत्रिणीला म्हणावं, हो, आणि मी जिंकले."

सून खदखदून हसली. इन्स्पेक्टर हसला नाही. "बाई, भिंती बघूनच कळतं. ह्या घरात काही मोडलं तर ते मोडलेलंच राहतं. उद्या तुम्हाला काही झालं तर तेही असंच राहील, मला कळणारसुद्धा नाही. मला झोप लागत नाही हो."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हीच पंचाईत होती. बाप, म्हणजे बाईंचा दुसरा भाऊ, गेला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि बाईंनी त्याला नकाशे काढायला शिकवत मोठा केला होता. त्याच्याशी भांडायला बाईंना कारण सापडेना. जास्त ताणलं तर तो विचारील, या भिंतीत एवढं काय आहे.

"मिस्त्री, तू काय म्हणतोस?" त्यांनी भावाला विचारलं.

भाऊ गवंडी होता. गावभर त्याला मिस्त्री म्हणत, मग घरीही तेच पडलं. त्याचा गिलावा म्हणजे आरसा, असं लोक बोलत. सत्तराव्या वर्षीही तो आठवड्यातून तीन दिवस कार्यशाळेत गवंडीकाम शिकवायला जाई. बहीणभावाचं वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं. बाई नव्या नव्या नोकरीला लागल्या तेव्हा तो त्यांच्याच वर्गात होता, आणि वार्षिक परीक्षेत त्याच्या सख्ख्या बहिणीने त्याला नापास केलं. पुढच्या आठवड्यात तो ट्रंक उचलून एका गवंड्याकडे कामाला गेला. तेव्हापासून सगळ्या प्रसंगांना तो येई, वेळेवर येई, आणि पाहुण्यासारखा बसे.

"भिंत आहे, भरली जाईल," मिस्त्री म्हणाला. "ताई, साबण आणि फडकं दे."

बाई साबण आणायला गेल्या, भिंतीला हात लावत.

पुट्टी धरायची तर भिंतीवर तेलकटपणा नको, म्हणून मिस्त्री आधी ती धुवून काढत होता. नवरा-बायको बाहेरच्या खोलीत पोपडे खरवडायला बसली होती. तिथून खरवडण्याचा आणि सुनेच्या बोलण्याचा आवाज एका लयीत येत होता. पॅसेजमध्ये मिस्त्रीने भिंतीच्या कडेला टेकवून दिवा लावला. आडवा उजेड पडला की भिंत काही लपवू शकत नाही, हा त्याचा पहिला धडा असे. थोडा वेळ फडक्याचा आवाज आला, मग थांबला.

"ताई, हा पट्टा कुणाच्या हाताचा?"

"कसला पट्टा?"

"काळा. कमरेच्या उंचीला. इथून थेट मागच्या पायऱ्यांपर्यंत गेलाय."

"असेल पोरांचा."

"या घरात पोरं खेळून तीस वर्षं झाली."

"मग माझा असेल. सवय असते एकेकाला भिंतीला हात लावत चालायची."

"आणि खिळ्याच्या भोकापाशी जास्त मळलंय. सायकलच्या खड्ड्यापाशी पण."

बटणाएवढ्या जागेतून बाईंना मिस्त्रीचं फडकं धरलेलं मनगट दिसलं. ते हलत नव्हतं. मग ते पुन्हा घासायला लागलं आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. त्याला कळलं नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दहापर्यंत पुट्टीचा पहिला हात ओढून झाला. भोक गेलं, वाटोळा खड्डा गेला. ट्रंकेच्या खोकेपाशी मिस्त्री जरा जास्त वेळ होता.

"ही माझीच करणी," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "ट्रंक एकट्याने उचलली होती. कुणाला हात लावू दिला नव्हता." आणि त्याने पात्याने ती खोकही भरून टाकली आणि पातं धुवायला न्हाणीघरात गेला.

तेवढ्यात बाहेरून सुनेची हाक आली. "बाई, मागच्या खोलीतून एक जुनी चादर आणता? सगळी फरशी पांढरी झाली."

साधं काम. नाही म्हणावं असं त्यात काही नव्हतं. बाई पॅसेजमध्ये शिरल्या, डावा हात भिंतीला टेकवला आणि चालू लागल्या. भिंत गार, ओली, गुळगुळीत. पहिली खूण यायला हवी होती, आली नाही. दुसरी नाही. पावलं मोजायची होती, पण मध्ये मिस्त्रीचं घमेलं होतं, त्याला वळसा घालताना आकडा निसटला. आपण न्हाणीघरापाशी आहोत की त्याच्या पुढे, हे त्यांना कळेना. चाळीस मुलांना डोळे मिटून जगाचा नकाशा काढायला लावणारी बाई स्वतःच्या घरात हरवली होती. त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

"ताई, तिथेच थांब," पाठीमागून मिस्त्रीचा आवाज आला. अगदी हळू, बाहेर जाणार नाही असा. "पुढचं पाऊल टाकू नकोस. मी आणतो चादर."

तो त्यांच्या बाजूने गेला, तीन पायऱ्या उतरला, चढला. परत आल्यावर त्याने बाईंचा डावा हात धरला आणि फडक्याने एकेक बोट पुसून काढलं. चारही बोटांना पुट्टी लागली होती. भिंतीवर चार बोटांचे ओरखडे उठले असणार, हे तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं. आडव्या उजेडात ते मिस्त्रीला शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरांसारखे दिसत असतील.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

मिस्त्रीने चादर त्यांच्या हातात दिली आणि खांद्याला धरून त्यांचं तोंड बाहेरच्या खोलीकडे वळवलं. "सरळ जा. घमेलं उचललंय, वाटेत काही नाही."

जेवणं झाली. सून आडवी झाली, इन्स्पेक्टर स्वयंपाकघरातल्या भेगेशी झटत बसला. मिस्त्रीने एकट्याने पॅसेजमध्ये पुट्टीचा दुसरा हात ओढला, मग वाळायची वाट बघत पायरीवर बसून राहिला. त्याने कुणाला सांगितलं तर, या विचारात बाई दुपारभर खुर्चीवर बसून पॅसेजकडे कान लावून होत्या. चारच्या सुमाराला पॉलिश पेपर घासल्याचा आवाज सुरू झाला आणि पाऊणेक तासाने थांबला. मिस्त्री हात धुवायला गेला, तशा बाई उठल्या.

भिंत सुकली होती. बोटांखाली कागदासारखी सपाट. त्या एक पाऊल गेल्या, दोन, चार. आणि मग बोट आत गेलं. अगदी थोडं, अंगठ्याच्या पेराएवढं. कडा घासून मऊ केलेल्या. त्यांनी उजवा हात लांबवला. झोपायच्या खोलीचं दार.

पुढे गेल्या. न्हाणीघरासमोर दुसरा. पायऱ्यांच्या आधी, खोकेच्याच जागी, तिसरा, जरासा खोल. त्यात बाईंनी अंगठा ठेवून पाहिला. बसत नव्हता. तो मिस्त्रीचा अंगठा होता, कामाने रुंद झालेला. बाईंना रडू आलं. ते त्यांनी पदराने पुसलं आणि कुणी बघण्याआधी खुर्चीवर येऊन बसल्या.

साडेपाचला इन्स्पेक्टर तपासणीला उठला. मोबाइलचा दिवा लावून त्याने तो भिंतीला टेकवला. हे त्याला काकानेच शिकवलं होतं.

"वा, काका. आरसा आहे आरसा." मग पावलं थांबली. "हे काय? इथे राहिलंय. इथेपण. आणि हे बघा, पायऱ्यांपाशी."

"राहिलं असेल," मिस्त्री म्हणाला.

"राहिलं असेल म्हणजे? तुमच्या हाताखाली तीन खड्डे?"

"वय झालं रे. हात थरथरतो कधी कधी."

सून जवळ येऊन बघत होती. "अय्या, खरंच. काका, तुम्ही बोलला नाहीत कधी."

"काय बोलायचं त्यात."

इन्स्पेक्टरने मोबाइल खाली केला. मग जो आवाज त्याने मागच्या खेपेला पंख्याखाली काढला होता, तोच काढला, प्रेमाचा आणि निकालाचा. "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण आता शिडीवर चढणं बंद करा. कार्यशाळेच्या व्यवस्थापकांना मी ओळखतो, त्यांच्याशी मी बोलतो. शिकवणाऱ्याचाच हात थरथरला तर शिकणाऱ्यांनी काय करायचं? आणि हे उद्या रंगाच्या आधी मी दुसऱ्या कुणाकडून घासून घेतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

"बरं," मिस्त्री एवढंच म्हणाला.

बाईंनी ते "बरं" ऐकलं. छप्पन्न वर्षांपूर्वी, निकालाचा कागद हातात घेऊनही तो एवढंच म्हणाला होता. त्याही वेळी गप्प बसून आपलं निभावलं होतं. आताही निभावेल. दुसरा माणूस खड्डे भरील खरा, पण पुट्टीचं एवढं काय, खिळा घेऊन आपण पुन्हा भोक पाडू. या विचाराची त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सबंध गावात या माणसाचं एकच नाव होतं, आणि तो ते त्यांच्यासाठी मुकाट्याने पुसू देत होता.

"त्याचा हात थरथरला नाही," बाई म्हणाल्या.

सगळे वळले असावेत. बाईंनी या वेळी तिघांच्या मधोमध बघायचं सोंग केलं नाही.

"ते त्याने मुद्दाम ठेवलेत. माझ्यासाठी. मला दिसत नाही. चार वर्षं झाली. मी त्या भिंतीवरच्या खुणांवर चालते. तुम्ही त्या बुजवल्यात, त्याने परत केल्या. मी त्याला सांगितलंसुद्धा नव्हतं."

"बाई, तुम्ही..." सून म्हणायला लागली.

"मला पुरतं बोलू दे. याला मी एकदा नापास केलं होतं. तो पास होत होता. सख्ख्या भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी त्याचे तीन गुण कापले. माझं नाव राखायला. आता पुन्हा माझ्यापायी त्याचं नाव जाऊ देणार नाही."

पॅसेजमध्ये मिस्त्रीने घमेलं पायाने बाजूला सारल्याचा आवाज आला.

"चार," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"चार गुण. तीन नव्हे. नद्यांच्या प्रश्नाला दोन, आणि नकाशाला दोन. पेपर तू टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेली होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी नवी नोकरी होती," मिस्त्री म्हणाला.

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. इन्स्पेक्टरचा आवाज आला तो खोल गेल्यासारखा. "गॅस कसा लावता?"

"कानाने. आणि बटणाला दोरा बांधलाय, बंदच्या खुणेला."

"औषध घेता?"

"शिवणाच्या डब्यात आहे. दिवसातून दोनदा."

"चप्पल सटकली नव्हती तर."

"नव्हती."

"चार वर्षं," तो म्हणाला. त्याला राग आला होता, आणि तो आतल्या आत गिळत होता हे बाईंना श्वासावरून कळलं. "मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. मला, बाई."

"तुला सांगितलं असतं तर तू कुलूप लावलं असतंस."

मोबाइलचा दिवा टप्पकन बंद झाला. मग बाईंना बुटांचा आवाज आला, पण तो बाहेरच्या खोलीकडे नाही, पॅसेजच्या आत गेला. त्या आवाजाबरोबर भिंतीवरून तळहात फिरल्याची खसखस येत होती. हळूहळू ती पार टोकापर्यंत गेली. पायऱ्यांपाशी थांबली. परत फिरली, आणि पुन्हा पहिल्यापासून गेली. बाईंच्या वर्गात कुणा पोराचा निकाल लागायचा असला की तो जसा बसे, तशा त्या बसून होत्या.

"काका," तिथूनच इन्स्पेक्टर म्हणाला, "हे असं चालणार नाही."

बाईंनी डोळे मिटले.

"पायऱ्यांच्या आधी एकच खूण आहे. माणूस घाईत असला तर एक चुकते. धोक्याच्या आधी इशारा दोनदा हवा, आमच्याकडे नियमच आहे. हाताएवढं अलीकडे आणखी एक घ्या. आणि ह्या फार उथळ आहेत. लपवायच्या होत्या म्हणून ना? आता कुणापासून लपवायचंय? पायरीला कठडापण लागेल, तो मी बसवतो." त्याने वरच्या पायरीवर बूट दोनदा ठोकून पाहिला. "आणि मी दर रविवारी येऊन तपासणार. चाललं नाही तर बंद. आधीच सांगून ठेवतो."

"ये," बाई म्हणाल्या.

सुनेने दिवा लावला आणि पाणी आणलं. मिस्त्रीने घमेल्यात मूठभर पुट्टी कालवली. ती पात्याने भिंतीवर चोपडल्याचा ओला आवाज बाईंनी ओळखला. मग या घरात पहिल्यांदाच, कुठेही न रेंगाळता, तो सरळ त्यांच्या खुर्चीपाशी आला, आणि त्याने हात पुढे केला.

"चल ताई. माझा अंगठा तुला मोठा होतो. तुझाच उठव."

बाई त्याच्या आधाराने पॅसेजच्या टोकापर्यंत गेल्या. मिस्त्रीने त्यांचा अंगठा धरून ओल्या जागेवर टेकवला.

"हळू," तो म्हणाला. "तू पहिल्यापासून कडक."

बाईंनी अंगठा दाबला, आणि तो उचलायचं त्याने सांगेपर्यंत तसाच ठेवला.